सुगंधी व्हाइट वाइन कशी चाखावी: किनाऱ्यावरच्या घरासाठी सविस्तर रीत

सुगंधी व्हाइट वाइन चाखायची तर दोन गोष्टी जमायला हव्यात: तापमान सांभाळणं आणि वास ओळखणं. कोकणात पहिली अवघड आहे, दुसरी सोपी. एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरी-मालवणकडच्या घरात दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि हवा दमट. फ्रिजमधून काढलेली वाइन ग्लासात ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत कोमट व्हायला लागते. वासांच्या बाबतीत मात्र इथलं नाक आधीच तयार असतं. पेरू, पपनस, कैरी, गवती चहा, सोनचाफा, सुरंगी हे वास परसात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाहीत. वाइनच्या परदेशी तक्त्यांतली गूजबेरी आणि एल्डरफ्लॉवर पाठ करण्यात वेळ घालवू नये.

ही रीत प्रामुख्याने नाशिकच्या वाइन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण किनाऱ्यावरच्या दुकानात सहज मिळतात त्या त्याच. अकलूजच्या किंवा कर्नाटकातल्या बाटलीलाही ती तशीच लागू पडते.

वाइन घाटावरची का

कोकणात वाइनची द्राक्षं होत नाहीत, याचं मुख्य कारण पाऊस आणि दमट हवा. डाउनी आणि भुरी या दोन्ही रोगांना अशी हवा मानवते. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर पलीकडे जो कोरडा पट्टा उरतो, त्यात दिंडोरी, निफाड, नाशिक हे भाग येतात. तिथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे फळ पिकतं ते थंडीत, रात्री गार असताना. सुगंध आणि आंबटपणा टिकतो तो या गार रात्रींमुळे. उन्हाचा कडाका वाढला की द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने कमी होतं आणि वाइन सपक लागते, म्हणून काढणी पहाटे किंवा रात्री करून फळ गार असतानाच दाबतात. आंबवणं स्टीलच्या टाक्यांत, साधारण १२ ते १६ अंशांना, सावकाश. त्याहून गरम झालं तर बराच सुगंध वायूबरोबर उडून जातो.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी, २००० साली, सुला या नाशिकच्या वाइन कंपनीने बाजारात पहिल्या बाटल्या आणल्या त्या सोव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां या द्राक्षांच्या. आजही नाशिकच्या व्हाइटशी ओळख करून घ्यायची तर सुरुवात या दोघींपासूनच करावी.

कोणती बाटली घ्यावी

‘सुगंधी’ म्हणजे ज्या द्राक्षाचा स्वतःचा वास वाइनमध्ये ठळक उतरतो ती जात. सगळ्या व्हाइट वाइन तशा नसतात.

सोव्हिन्यॉन ब्लांच्या वासाचे दोन कणे आहेत. एक पायराझिन या द्रव्यांचा: ढोबळी मिरची, ताजं कापलेलं गवत. दुसरा थायोल या गंधकयुक्त द्रव्यांचा: पेरू, पॅशनफ्रूट, पपनसाची साल. पेरूच्या वासातही थायोल असतात, त्यामुळे ‘ह्याला पेरूचा वास येतो’ असं कुणी म्हटलं तर ती उपमा नसते, तोच पदार्थ नाकाला लागलेला असतो. फळ लवकर काढलं तर मिरची पुढे येते, नीट पिकवलं तर पेरू.

मस्कॅट, गेवुर्झट्रामिनर आणि रीसलिंग या टर्पीनवाल्या, म्हणजे टर्पीन ही सुगंधी द्रव्यं असलेल्या जाती. लिनालूल, जेरॅनिऑल, नेरॉल अशी त्या द्रव्यांची नावं आहेत. गुलाब, मोगऱ्याच्या जवळचे फुलांचे वास आणि लिंबाची साल यांतून येतात. गवती चहाचा वास ज्या सिट्रालचा, ते जेरॅनिऑल आणि नेरॉलचं सख्खं नातलग. रीसलिंग जुनी झाली, किंवा द्राक्षावर ऊन फार पडलं, की तिला रॉकेलसारखा वास येऊ लागतो. थोडा असला तर तो दोष नव्हे, जातीचा स्वभाव आहे. एका वर्षाच्या बाटलीत तोच एक वास वरचढ असेल तर मात्र आम्ही ती वाइन उजवी म्हणणार नाही.

व्हियोनिए जर्दाळू आणि फुलांच्या वासाची, अंगाने जड, आंबटपणा कमी. उष्ण मुलखात ती पटकन तेलकट आणि मद्यार्काने भारलेली होते. चांगली व्हियोनिए करणं अवघड आहे. शेनिन ब्लां अर्धसुगंधी: सफरचंद, पेरू, मध. नाशिकमध्ये ती बऱ्याचदा किंचित गोडसर करतात.

पहिल्यांदा बसायचं तर दोनच बाटल्या घ्या: एक सोव्हिन्यॉन ब्लां, एक रीसलिंग किंवा व्हियोनिए. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक आपोआप कळतो. एकटी वाइन चाखून ‘चांगली आहे’ यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

दुकानात बाटली हातात घेऊन या गोष्टी बघा:

- लेबलवरचं साल. काढणी वर्षाच्या सुरुवातीला होत असल्याने त्या सालाची व्हाइट त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बाजारात दिसू शकते. सुगंधी व्हाइट शक्यतो चालू किंवा गेल्या सालची घ्या. तीन वर्षांची सोव्हिन्यॉन ब्लां कमी भावात मिळाली तरी नको. साल छापलेलं नसेल तर बाटलीत भरल्याची तारीख शोधा.
- बाटली कुठे उभी होती. काचेच्या शोकेसमध्ये, उन्हाच्या बाजूला, ट्यूबलाइटखाली ठेवलेली बाटली नाकारा आणि आतल्या खोक्यातली मागा. पांढऱ्या पारदर्शक काचेच्या बाटलीतल्या वाइनला प्रकाशाने शिजलेल्या कोबीसारखा वास धरतो. हिरवी किंवा तपकिरी काच बरी.
- तोंड. बूच वर आलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, पातळी नेहमीपेक्षा खाली: तिन्ही उष्णतेच्या खुणा. सुगंधी व्हाइटला फिरकीचं झाकण असेल तर त्यात कमीपणा नाही. उलट या हवेत तेच सोयीचं.
- रंग. फिकट, किंचित हिरवट पिवळा हवा. कोऱ्या चहाकडे झुकलेला असेल तर ठेवून द्या.

सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी एक गोष्ट: गोव्यात बाटली स्वस्त पडते खरी, पण गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय हद्दीपलीकडे आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. नाशिकची वाइन नाशिकमार्गेच येऊ द्या.

वायनरीतून थेट घेऊन येत असाल तर बाटल्या डिकीत नकोत. उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान ५० अंशांपुढे जातं. बर्फाची पेटी, तळाला गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, मध्ये जाड टॉवेल, वर वाइन. घरी पोचल्यावर एक-दोन दिवस फ्रिजमध्ये स्वस्थ राहू द्या, मग उघडा.

थंड करणं

फ्रिज ४-५ अंशांना असतो. सुगंधी व्हाइटसाठी ते फार थंड. त्या तापमानाला वास बाहेर येत नाही, फक्त आंबटपणा आणि कडवटपणा टोचतो. हवं ते असं: सोव्हिन्यॉन ब्लां आणि रीसलिंग ८ ते १० अंश, शेनिन ८ ते १०, व्हियोनिए आणि गेवुर्झट्रामिनर १० ते १२. गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा काढलेल्या द्राक्षांची, ८.

खोलीत ३० अंशांना असलेली ७५० मिली बाटली फ्रिजमध्ये १० अंशांवर यायला साधारण तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. २० ते २५ मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर वेळ जास्त लागतो, कारण खड्यांच्या फटींत हवा असते आणि काचेला बर्फ सगळीकडून टेकत नाही. मासळी बाजारातला बर्फ स्वस्त मिळतो, पण तो वापरू नका. बाटली ओली होते, ओला हात ग्लासाला लागतो आणि पुढचा तासभर सगळ्या वाइनना बांगड्याचा वास.

फ्रीझरचा भरवसा धरू नये. अर्ध्या-पाऊण तासात गार होते हे खरं, पण गप्पांत विसरली की गोठून बूच बाहेर ढकलते नाहीतर बाटली फुटते.

कोकणातली खरी अडचण ओतल्यानंतर सुरू होते. ग्लासात वाइन हवी त्यापेक्षा दोन अंश थंडच ओता, म्हणजे पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत ती योग्य टप्प्यातून जाईल. एकावेळी ५० मिली पुरे. बाटली पुन्हा बादलीत. विजेचा भरवसा नसलेल्या गावात थर्माकोलची पेटी आदल्या दिवशीच तयार ठेवा. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर दोनतीनशे रुपयांत मिळतो. तो एकदा तरी ग्लासात बुडवून बघा. आपल्या बोटांचा ‘गार’ हा अंदाज किती चुकतो ते समजतं.

खोली, ग्लास, बाकी सामान

समुद्रावरचा वारा अंगाला बरा वाटतो, पण वाइनचा वास ग्लासाच्या तोंडाशी जमण्याआधीच तो घेऊन जातो. पडवीत बसायचं तर वाऱ्याच्या आड बसा. छताचा पंखा चाखण्याच्या मिनिटापुरता बंद करा. उकडेल, पण दोन मिनिटं चालतं.

घरात दुसरा कुठलाही वास नको: उदबत्ती, डासांची कॉइल, डांबराच्या गोळ्या, फोडणी, तळण. केसांतला गजरा आणि खोबरेल तेल हे दोन वास विसरले जातात. मोगऱ्याचा गजरा माळून मस्कॅट चाखायला बसलं तर काय वाइनचं आणि काय गजऱ्याचं, सांगता येणार नाही. चाखण्याआधी तासभर तंबाखू, पान, कॉफी, आणि लसूण असलेली सोलकढी वर्ज्य. सकाळी साडेदहा-अकराची वेळ उत्तम. जेवणानंतर जीभ थकलेली असते.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद हवा, दांडीसकट. १९७७ साली ठरलेला आयएसओचा चाखण्याचा ग्लास सुमारे २१५ मिलीचा असतो आणि त्यात ५० मिली ओततात. तसा नसेल तर घरातला कुठलाही ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास चालेल. स्टीलचा पेला आणि सरळ कडांचा पाण्याचा ग्लास चालणार नाही. सगळ्यांचे ग्लास एकसारखे असू द्या, नाहीतर फरक वाइनचा की ग्लासाचा हा वाद मिटणार नाही.

ग्लास कपाटात पालथे ठेवले असतील तर आत लाकडाचा किंवा बुरशीचा वास बसतो, पावसाळ्यात हमखास. आधी गरम पाण्याने, साबणाविना, विसळा. मळक्या फडक्याने पुसू नका. उपडे घालून निथळू द्या. नंतर रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. काहीच यायला नको.

दमट हवेत ग्लासाच्या बाहेर पाणी साचतं आणि रंग दिसत नाही, म्हणून धुतलेला सुती रुमाल हाताशी ठेवा. शिवाय पांढरा कागद, वही, साधं पाणी, बिनमिठाचे कुरमुरे किंवा नारळ न घातलेलं साधं घावन, आणि थुंकायला जुना डबा, तळाशी लाकडाचा भुसा घालून. थुंकण्यात काही कमीपणा नाही. पाच वाइनचे घोट गिळले तर चौथ्यापासून नाक काम करेनासं होतं. आणि थुंकलं तरी थोडा मद्यार्क तोंडातून रक्तात जातोच, तेव्हा त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवावी.

आधी नाक जुळवून घ्या

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग ‘फळांसारखा वास’ इथेच अडकतात. चाखण्याच्या अर्धा तास आधी काचेच्या छोट्या वाट्यांत प्रत्येकी ५० मिली पाणी घ्या. साधी, फारसा वास नसलेली स्वस्त व्हाइट वाइन हाताशी असेल तर पाण्याऐवजी ती घ्या, परिणाम जास्त खरा येतो. त्यांत घाला:

पिकलेल्या पेरूची एक फोड, ठेचून. पपनसाच्या सालीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा, पिळून. हिरव्या ढोबळ्या मिरचीचा नखाएवढा तुकडा (हा दहा मिनिटांत काढून टाका, नाहीतर सगळी खोली व्यापतो). गवती चहाचं दोन इंच पान, चुरगळून. कैरीची साल. खाण्याच्या गुलाबपाण्याचे दोन थेंब. कोमट पाण्यात भिजवलेला एक जर्दाळू. पाव चमचा मध. हंगामात असतील तर सोनचाफ्याची एक पाकळी आणि गुलाबाच्या वासाचं जाम हे फळ. पेट्रोल-रॉकेल वाटीत घालू नका, तो वास सगळ्यांना आठवतो.

वाट्यांवर बशा झाका. पंधरा मिनिटांनी एकेक उघडून दोनदा थोडा वास घ्या आणि झाका. दुसऱ्या फेरीत डोळे मिटून कुणीतरी वाटी नाकाशी धरावी. दहांपैकी सहा ओळखले तरी पुष्कळ. नाव जिभेच्या टोकावर राहतं आणि आठवत नाही, हे सगळ्यांचं होतं.

जिभेसाठी दुसरी जुळवाजुळव. तीन ग्लासांत प्रत्येकी २०० मिली पाणी आणि चार छोटे चमचे (२० मिली) लिंबाचा रस घाला. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात पाव चमचा साखर, म्हणजे सुमारे १ ग्रॅम. तिसऱ्यात सपाट एक चमचा, सुमारे ४ ग्रॅम. तिन्हींचा आंबटपणा व्हाइट वाइनच्या आसपासचा आहे. दुसऱ्यातली साखर बहुतेकांना गोड म्हणून जाणवत नाही, फक्त पहिल्याहून ‘मऊ’ वाटते. तिसऱ्यात लिटरला १८-१९ ग्रॅम साखर आहे, तरी तो सरबताच्या मानाने आंबटच. वाइनमधली साखर आंबटपणामागे कशी लपते ते इथे कळतं, आणि मग लेबलवर ‘ड्राय’ लिहिलंय की नाही यावर अवलंबून राहावं लागत नाही. लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन साधारणपणे ड्राय धरतात.

चाखण्याचे टप्पे

क्रम ठरवताना हलकी ते जड, ड्राय ते गोड. उदाहरणार्थ सोव्हिन्यॉन ब्लां, ड्राय शेनिन, व्हियोनिए, मग किंचित गोड रीसलिंग, शेवटी लेट हार्वेस्ट. गेवुर्झट्रामिनर किंवा मस्कॅट ड्राय असली तरी मागे ठेवा. त्यांच्यानंतर सोव्हिन्यॉनचा वास फिका वाटतो. एका बैठकीत पाचाहून जास्त नकोत.

*बघणं.* यात वेळ घालवू नका, पंधरा सेकंद पुरेत. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. हिरवट छटा म्हणजे तरुण. गडद सोनेरी म्हणजे वय, ओकचं पिंप, किंवा हवा लागलेली. गेवुर्झट्रामिनरची साल गुलाबी असल्याने किंचित तांबूस झाक चालते. तळाशी साखरेसारखे चमकदार खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, फ्रिजमध्ये बसलेले. निरुपद्रवी. काच फुटलीय असं समजून बाटली परत नेऊ नका.

*पहिला वास, ग्लास न हलवता.* सगळ्यात हलके वास इथेच मिळतात: फूल, लिंबाची साल. दोष असेल तर तोही इथेच पहिल्यांदा कळतो. नाक ग्लासाच्या कडेशी, दोन छोटे श्वास, मग ग्लास दूर.

*दुसरा वास, घोळवून.* ग्लासाचा तळ टेबलावर टेकवून तीन-चार वेळा गोल फिरवा. हवेत धरून फिरवायच्या नादात शर्ट भिजतात. आता नाक थोडं आत घाला. लांब श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन तुटक श्वास चांगले. पहिल्यांदा मोठा गट ठरवा: फूल, आंबट फळ, पिकलेलं गोड फळ, हिरवळ, मसाला, मध. मग गटात शिरा. ‘आंबट फळ’ म्हटलं तर लिंबू, ईडलिंबू, पपनस की कैरी? गटाशिवाय थेट नाव शोधायला गेलात तर डोकं भलतीकडे धावतं.

नाक तीन-चारदा हुंगल्यावर थकतं. अर्धं मिनिट थांबा, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, पुन्हा या. कॉफीच्या बिया हुंगण्याचा सल्ला देतात, त्याने एका तीव्र वासाची जागा दुसरा घेतो इतकंच.

*घोट.* १० ते १५ मिली, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे. कमी घेतलं तर लाळच चाखली जाते. आठ-दहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. मग थुंकून किंवा गिळून नाकातून श्वास सोडा. निम्मा सुगंध या बाहेर जाणाऱ्या श्वासात सापडतो. सोव्हिन्यॉनमधला पेरू पुष्कळदा आधी नाकाला लागत नाही आणि इथे येतो.

आता जिभेचा हिशेब, एकेक करून. आंबटपणा: थुंकल्यावर गालांच्या आत किती लाळ सुटते आणि किती वेळ. मद्यार्क: घशात आणि छातीत ऊब. साडेतेरा टक्क्यांची व्हियोनिए कोमट झाली की हीच ऊब टोचते. जडपणा: पाण्यासारखी की सायीच्या दुधासारखी. कडवटपणा: जिभेच्या मागे, पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखा. गेवुर्झट्रामिनर आणि व्हियोनिएत थोडा असतोच, टर्पीन सालीतून काढताना तो सोबत येतो. शेवटी वास किती वेळ मागे राहतो ते मनातल्या मनात मोजा. पाच सेकंदांत संपला तर साधी वाइन. दहा-बारा टिकला तर चांगली. आंबटपणा टिकला आणि वास गेला, तर ते यात धरू नये.

गोडपणाबाबत फसगत ठरलेली. मस्कॅटचा वास इतका गोड असतो की ड्राय वाइनही गोड वाटते. उपाय सोपा: नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडी नाहीशी झाली तर ती वासाची होती. टिकली तर साखरेची. हा प्रयोग पहिल्या दिवशी सगळ्यांकडून करून घ्यावा, वाद वाचतात.

*पुन्हा एकदा, दहा मिनिटांनी.* ग्लासात थोडी शिल्लक ठेवा आणि ती १४-१५ अंशांवर आल्यावर परत हुंगा. थंडपणाने झाकलेलं सगळं आता उघडं पडतं: चांगल्या वाइनला आणखी वास सुटतो, ढिलीला नुसता मद्यार्क उरतो. किनाऱ्यावर वाइन अशीही कोमट होणारच. दोन वाइनमधली उजवी कोणती हे ठरवायला आम्ही हाच टप्पा वापरतो.

टिपण

लांबलचक वर्णन नको. चार ओळी पुरेत. नमुना:

‘सोव्हिन्यॉन ब्लां, दिंडोरी, गेल्या सालची, ९ अंश. रंग फिकट, हिरवट. नाकाला आधी ढोबळी मिरची, घोळवल्यावर पपनस. पेरू फक्त घोटानंतर. आंबटपणा चांगला, साखर नाही, मद्यार्क जाणवत नाही, मागे ७-८ सेकंद. १५ अंशांना मिरची उरली, फळ गेलं.’

शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी. चाखताना आधी प्रत्येकाने आपापलं लिहावं, मग बोलावं. एकाने ‘सोनचाफा’ म्हटलं की बाकीच्यांना सोनचाफाच येऊ लागतो.

कान पक्का करायचा असेल तर गाणाऱ्याला तानपुरा लागतो. नाकाचं तसंच काम तीन ग्लासांची परीक्षा करते. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, तिन्ही एकाच तापमानाला, आणि ओतणारा वेगळा. फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. तुक्क्याने तिनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून निदान सहा वेळा करा.

काय बिघडतं, आणि का

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद घरातल्या ओलीचा वास आणि फळ गायब: बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्याचा दोष. आरोग्याला अपाय नाही, पण उपायही नाही. कोकणात पावसाळ्यात हा वास घरातच असतो, म्हणून निकाल देण्याआधी रिकामा ग्लास हुंगा.

जळक्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा वास: हवेविना राहिल्याने तयार झालेली गंधक संयुगं, फिरकी झाकणाखाली जास्त दिसतात. जोरात घोळवा, पाच-दहा मिनिटं थांबा. सौम्य असेल तर जातो. नाही गेला तर घासून स्वच्छ केलेला तांब्याचा तुकडा मिनिटभर ग्लासात फिरवा. हायड्रोजन सल्फाइड तांब्याशी जोडला जातो. हे निदानापुरतं, ती वाइन ओतून द्या.

मार लागलेल्या सफरचंदासारखा वास आणि तपकिरी रंग: हवा लागली. शिजवलेल्या फळाचा, मुरांब्यासारखा वास: वाटेत किंवा दुकानात तापली. किनाऱ्यावरच्या बाटल्यांत हा दोष सगळ्यात जास्त संभवतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा व्हिनेगरचा वास: जिवाणूंचं काम, ती बाटली स्वयंपाकालाही नको. ड्राय म्हणून घेतलेल्या साध्या वाइनमध्ये जिभेवर भरपूर बुडबुडे आणि गढूळपणा आला तर बाटलीत पुन्हा आंबली आहे. मोजके बुडबुडे मात्र ताज्या व्हाइटमध्ये असतात, ते भरतानाच्या वायूचे.

आणि एक गोष्ट, दोष नसून दोष म्हणून सांगितली जाणारी: ‘काहीच वास येत नाही.’ दहांतून निम्म्या वेळा वाइन ५ अंशांना असते. ग्लास दोन्ही तळहातांत धरून तीन मिनिटं थांबा.

सोबत काय

चाखताना खाऊ नये, चाखून झाल्यावर खावं. रवा लावून तळलेला बोंबील किंवा सुरमई आणि सोव्हिन्यॉन ब्लां ही जोडी सगळ्यात सोपी. आंबटपणा तेल कापतो. ओलं खोबरं घातलेल्या तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याबरोबर व्हियोनिए जमते, खोबऱ्याच्या स्निग्धपणाला तिचं जड अंग पेलतं. झणझणीत मालवणी मसाल्याबरोबर साडेतेरा टक्क्यांची ड्राय वाइन म्हणजे आगीत तेल, कारण मद्यार्क तिखटाची जळजळ वाढवतो. तिथे किंचित गोडसर शेनिन किंवा रीसलिंग, नीट थंड. उकडीच्या मोदकांबरोबर ड्राय वाइन कडू-आंबट लागते. लेट हार्वेस्ट शेनिन असेल तरच. सोलकढी आणि वाइन एका ताटात मांडू नयेत. कोकमाचा आंबटपणा आणि लसूण दोन्ही मिळून वाइनला पाणी करतात, आणि सोलकढी चांगली असेल तर तिला साथीदाराची गरजही नसते.

बोर्डीच्या बाजूला चिकूपासून वाइन होते. द्राक्षाची नसली तरी हीच रीत तिला लागू आहे, फक्त वाट्यांत चिकूची फोड वाढवा.

उरलेली बाटली

लगेच झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवली तर हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. अर्ध्याहून कमी उरली असेल तर स्वच्छ ३७५ मिली बाटलीत किंवा त्याहून लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरा. सोव्हिन्यॉन ब्लांचा पेरू-पपनस दुसऱ्याच दिवशी ओसरतो, कारण थायोल हवेने लवकर बिघडतात. मस्कॅट-रीसलिंगचे टर्पीन तुलनेने चिवट, दोन-तीन दिवस तग धरतात. चौथ्या दिवशी पातेल्यात तिसऱ्या उघडायला पाण्याऐवजी १०० मिली घाला, झाकण ठेवा, शिंपल्या उघडताच आच बंद करा. पातेलं स्टीलचं हवं, कल्हई नसलेलं पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं नको.